चार बोटं पुढे

सगळं युनिट तिला 'उभी' म्हणायचं. ए उभी, इकडे ये. उभी कुठाय? उभीला चहा दिला का? तिचं काम काय ते शेजारपाजारी सांगायला गेलं की पंचाईत व्हायची.

"म्हणजे नुसतं उभं राहायचं?" शेजारीण विचारायची.

"नुसतं नाही, नीट उभं राहायचं."

"आमचा टेबलफॅन पण नीट उभा राहतो हो. त्याला लावा की कुठेतरी."

उभी हसायची आणि विषय सोडून द्यायची. सांगणार तरी काय? सिनेमातल्या मॅडम आपल्या खोलीत केस विंचरून घेत असतात, तेव्हा बाहेर दिवे लावणारे घामाघूम होत असतात. कुठला दिवा गालावर, कुठला केसांवर, सावली कुठे पडते, हे बघायला कुणीतरी मॅडमच्या जागी लागतं. उभीची उंची मॅडमची, वर्ण मॅडमचा, खांदेसुद्धा मॅडमचे. चेहरा तेवढा देवाने वेगळा दिला होता आणि त्याच्याशी कुणाला कर्तव्य नव्हतं. जमिनीवर पट्टी चिकटवून केलेल्या खुणेवर ती पाय जुळवून उभी राहायची. सगळं जमलं की मॅडम यायच्या, उभी बाजूला व्हायची आणि मग सिनेमा सुरू व्हायचा.

तिचा थोरला भाऊ सेटवर सुतार होता. त्याचा डबा द्यायला म्हणून ती एकदा आली, कुणीतरी तिला खुणेवर उभं केलं, आणि ती पुढे उभीच राहिली. विशीतली मुलगी चाळिशीला टेकली. मॅडमचं वय काही वाढलं नाही, म्हणजे वाढलं, पण ते झाकायला तिकडे माणसं नेमलेली होती.

आता फोकसवाल्याबद्दल सांगायला हवं.

कॅमेऱ्याचं भिंग माणसाच्या डोळ्याएवढं शहाणं नसतं. कुठे बघायचं ते त्याला सांगावं लागतं, आणि तेसुद्धा अंतर मोजून. ते सांगणारा तो फोकसवाला. हातात कापडी टेप. टेपचं एक टोक कॅमेऱ्याला, दुसरं टोक माणसाच्या डोळ्यापाशी; येईल तो आकडा भिंगावरच्या कड्यावर लावायचा. मॅडमच्या तोंडाजवळ मात्र टेप न्यायची नाही, असा नियम होता. फार पूर्वी कुठल्याशा सेटवर कुणाच्या तरी डोळ्याला टेपचं टोक लागलं होतं म्हणे. तेव्हापासून मॅडमना टेप दिसली तरी त्या मान फिरवायच्या. मग मोजायचं कुणाला? उभीला. उभीचा डोळा तो मॅडमचा डोळा.

फोकसवाला बोलायला महाकंजूष. सडसडीत अंगाचा, बाहीची बटणं कायम लावलेली. कॅमेरामन ओरडायचा, दिवेवाले एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करायचे, आणि हा टेप घेऊन तिच्यासमोर यायचा आणि म्हणायचा, "जरा." बस, एवढंच. सगळं युनिट तिला उभी म्हणायचं, हा एकटा 'जरा' म्हणायचा. टेपचं टोक तिच्या डोळ्याच्या कडेला धरायचा. बोट गालाच्या हाडापाशी यायचं, पण टेकायचं नाही. भिंग पुसायच्या स्पिरिटचा वास त्या बोटाला असायचा.

आणि ती पुढे यायची.

मुद्दाम नव्हे. पाय खुणेवरच असायचे, पण मान खांद्यातून सुटून अशी हलकेच पुढे यायची, दार वाजलं की खिडकीतून कोण आलंय ते बघायला वाकतो तशी. आपण असं करतो हे एक दिवस तिच्या ध्यानात आलं. आकडा चुकणार, शॉट जाणार, आणि भर युनिटमध्ये आपली शोभा होणार! घरी आरशासमोर तिने सरळ उभं राहायचा सराव केला. दुसऱ्या दिवशी "जरा" ऐकू आलं आणि मान गेली पुढे. रीळ धुऊन आलं तर चित्र लख्ख. पुढचंही लख्ख. भिंगाला एवढं तेवढं चालत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि गप्प बसली.

तो दोनदा मोजायचा. एकदा मोजून कडं फिरवायचा, मग कपाळाला आठ्या घालून पुन्हा टेप घेऊन यायचा.

"अरे, कपडे शिवतोयस का तिचे?" दिवेवाला वरच्या फळीवरून ओरडायचा. "छाती-कंबर पण घे एकदाची!"

सगळे हसायचे. फोकसवाला कानापर्यंत लाल व्हायचा आणि टेप गुंडाळत निघून जायचा. एवढ्या वर्षांत दोघांमध्ये जे काही झालं ते एवढंच. हां, उन्हातलं काम असलं की कॅमेऱ्यावरची मोठी छत्री तो अशी तिरकी लावायचा की तिची सावली खुणेपर्यंत यायची. कॅमेरामन म्हणायचा, छत्री सरळ कर. तो करायचा. थोड्या वेळाने छत्री पुन्हा तिरकी.

घरी भाऊ, वहिनी आणि ती. भाऊ हातोडीसारखा, घाव घालील तेवढंच बोलणार. बोलायचं खातं वहिनीकडे.

"वन्सं, दुसऱ्यांच्या जागेवर उभं राहून निम्मा जन्म काढलात," एका सकाळी वहिनी म्हणाली. "आता आपल्या जागेवर बसा की. माझ्या मावसभावाच्या ओळखीतलं स्थळ आहे. बिजवर आहे, पण माणूस सज्जन. टायरचं दुकान आहे."

"टायरचं?"

"का, तुम्हाला काय विमानाचं हवं होतं? रविवारी निरोप द्यायचाय. हो किंवा नाही, काय ते एक सांगा. मागच्या वेळेसारखं 'बघू' नको. बघू बघू म्हणता डोळ्याला चष्मा लागायची वेळ आली."

वहिनी वाईट नव्हती. नणंद एकटी राहील या काळजीने तिचं रक्त आटायचं, आणि नणंद आपल्याच घरात राहील या काळजीनेही आटायचं. दोन्ही काळज्या खऱ्या होत्या.

त्या वेळी जो सिनेमा चालला होता त्यातली बाई एका माणसाची आयुष्यभर वाट बघते, आणि शेवटी ज्या घरात वाट बघितली त्या घरालाच काडी लावून दारात उभी राहते. ते घर उभीच्या भावाने आणि त्याच्या माणसांनी स्टुडिओमागच्या मोकळ्या जागेत बांधलं होतं. खरं लाकूड, खऱ्या खिडक्या, जिना तेवढा कुठेच न जाणारा. शनिवारी ते जाळायचं होतं. एकदाच. दुसरं घर बांधायची कुणाची ऐपत नव्हती.

शुक्रवारी दुपारी फोकसवाला त्या घराच्या पायरीवर बसून भिंग पुसत होता. अलीकडे त्याला वाचायचा चष्मा लागला होता, तो नाकाच्या टोकावर आलेला. उभी चहाचे दोन कप घेऊन गेली. एक त्याच्या बाजूला ठेवला. बसली नाही. उभं राहायची सवय.

"घरी एक स्थळ आणलंय," ती म्हणाली. "रविवारी सांगायचंय. काय सांगू?"

त्याचा हात थांबला. भिंगावर फुंकर मारायला तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. आत तिचा भाऊ कुठेतरी खिळे ठोकत होता.

"किती लांब आहे?" फोकसवाल्याने विचारलं.

"काय?"

"म्हणजे... गाव. इथून किती लांब?"

उभीच्या डोक्यात सणक गेली. इतकी वर्षं डोळ्यापाशी टेप धरणारा माणूस, आणि सांगून-सवरून विचारलं तर गावाचं अंतर विचारतो!

"ते तुम्हीच मोजा," ती म्हणाली. "टेप आहे ना हातात."

चहा तिथेच निवला.

शनिवारी दिवेलागणीच्या आधी तयारी सुरू झाली. भिंतींना आतून तेल लावून ठेवलेलं. बंबाची गाडी कोपऱ्यात. कॅमेरामन सकाळपासून सगळ्यांवर खेकसत होता. भिंग लांबचं होतं, चेहरा पडदाभर दिसणार होता. अशा भिंगाला चार बोटांचा फरकसुद्धा सोसत नाही. दाराच्या चौकटीत खूण होती. उभी जाऊन खुणेवर उभी राहिली. घर थंड होतं, तेलाचा उग्र वास मारत होतं.

फोकसवाला आला. डोळ्यांखाली काळं, रात्रभर झोपला नसावा. त्याने नेहमीचा शब्द काढला नाही. नुसती टेप पुढे केली.

उभी सरळ उभी होती. फळीसारखी. मान हलली नाही, पापणी हलली नाही. त्याच्या कानाशेजारून ती पलीकडच्या बंबाच्या गाडीकडे बघत राहिली. बोट गालाच्या हाडापाशी आलं तेव्हा तिने दात आवळले. त्याने आकडा पाहिला, कड्यापाशी गेला, कडं फिरवलं. त्या दिवशी त्याने दुसऱ्यांदा मोजलं नाही. दिवेवाल्यालासुद्धा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मॅडम आल्या. खुणेवर उभ्या राहिल्या. घर पेटलं.

पेटलं ते असं पेटलं की बघणाऱ्यांच्या भुवया भाजल्या. मॅडमनी अशी नजर लावली की दिग्दर्शक रडायला लागला. धूर, ज्वाळांची थरथर, गरम हवेचे लोट. कॅमेऱ्यातून बघणाऱ्यालाही डोळे साफ दिसले की नाही ते कळायला मार्ग नव्हता. मग छप्पर खाली आलं. भाऊ लांब उभा राहून आपलं घर जळताना बघत होता आणि म्हणाला, "चौकट मात्र शेवटपर्यंत टिकली." टाळ्या पडल्या. मॅडमनी सगळ्यांना हात जोडले.

रीळ धुऊन आलं मंगळवारी. दाखवायच्या छोट्या खोलीत मोजकी माणसं बसली होती. उभी मागे भिंतीला टेकून. तिने रविवारी वहिनीला काहीच सांगितलं नव्हतं. वहिनीने स्वतःच टायरवाल्यांना कळवलं होतं की मुलीला ताप आहे, बुधवारपर्यंत सांगतो. चाळिशीची मुलगी!

पडद्यावर घर पेटलं. चौकट आली. मॅडमचा चेहरा आला, आणि खोलीत कुणीतरी च्यक् केलं.

डोळे धूसर होते. ओल्या काचेतून बघावं तसे. नाक धूसर, ओठ धूसर. आणि कानातला डूल लख्ख! डुलाचा खडान्‌खडा मोजून घ्यावा. कानामागची सुटलेली बट, तिचा एकेक केस लख्ख.

दिवे लागले. मग कॅमेरामन उठला.

"किती वेळा सांगितलं तुला, डोळे दाखवून घे म्हणून? चष्मा लागला तेव्हाच मी समजलो होतो. आता डूल बघायला येणारेत लोक? घर कुठून आणू मी दुसरं? तुझं जाळू?"

फोकसवाला खाली मान घालून बसला होता. उभी मात्र पडदा रिकामा झाला तरी पडद्याकडेच बघत होती. डोळ्यापासून डुलापर्यंत. तिने नकळत आपल्या डोळ्यापाशी बोटं लावली, कानाकडे मोजली. एक, दोन, तीन, चार.

तेवढंच. जेवढी ती पुढे यायची, तेवढंच.

भिंगाला काही चालत बिलत नव्हतं. ती दर वेळी पुढे येत होती आणि तो दर वेळी तेवढं आकड्यात वाढवून धरत होता. पहिल्या रिळापासून. त्याला ठाऊक होतं. मोजून ठाऊक होतं. आणि शनिवारी न झोपलेल्या डोक्याने, हाताच्या सवयीने, त्याने ती चार बोटं धरली, आणि ही तिथे नव्हती.

"चूक माझी आहे," उभी म्हणाली.

सगळे वळले. ही इथे आहे हेच कुणाच्या लक्षात नव्हतं.

"तुझी कशी?" दिग्दर्शकाने विचारलं.

"मी... मी सरळ उभी राहिले."

आधी दिवेवाला हसला. मग सगळेच.

"मग काय वाकडं उभं राहायचं होतं?" कॅमेरामन म्हणाला. "बाई, तुझं कामच ते आहे!"

"नाही, तसं नाही. मी रोज पुढे..." ती सांगायला लागली. तिचे कान तापले. पुढचं वाक्य तोंडात आलं होतं. बोललं तर या माणसाचं नाव वाचेल, डोळे गेलेत हा शिक्का पुसला जाईल. आणि उद्यापासून फळीवरून जे काय ओरडलं जाईल ते दोघांनी जन्मभर ऐकायचं. तरीही ती बोलली असती. तिने तोंड उघडलं होतं.

"तिचा काही संबंध नाही," फोकसवाला म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. "आकडा मी लावला. चुकला. नजर कमी झालीय माझी."

झालं. एकदा फोकसवाल्यानेच नजर कमी झाली म्हटल्यावर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. हे शहरातल्या सगळ्या सेटवर आठवडाभरात पोचतं, आणि मग कुणी बोलावत नाही.

ती फाटकापाशी धावत गेली तेव्हा तो सायकलचं कुलूप काढत होता. टेप खिशातून अर्धी बाहेर आलेली.

"खोटं का बोललात?"

"खरं काय सांगायचं होतं? त्यांना कळलं असतं?"

"माहीत होतं तुम्हाला. इतकी वर्षं माहीत होतं! मग एकदा तरी बोलायचं होतं ना."

त्याने कुलूप सीटखाली अडकवलं. फार वेळ लावला त्याला.

"बोललो असतो तर तू लाजून सरळ उभी राहिली असतीस," तो म्हणाला. "नाहीतर आणखी पुढे आली असतीस. दोन्हीकडून आकडा गेला असता." मग सायकल वळवत, "मला वाटलं, चाललंय ते चालू दे. कशाला हलवा."

"आणि शुक्रवारी? गावाचं अंतर?"

"मला दुसरं काही सुचलंच नाही," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर इतकी खरी लाज होती की तिला रागावताही येईना. "रात्रभर तेच आठवत होतो, काय विचारायला हवं होतं. सकाळपर्यंत आठवलं नाही."

तो सायकलवर बसला नाही, हातात धरून चालत गेला. तीही थांबवायला गेली नाही. थांबवून काय म्हणायचं होतं, तिलाही आठवलं नाही.

बुधवारी तिने वहिनीला 'नाही' सांगितलं. वहिनी म्हणाली, "कारण?" उभी म्हणाली, "कारण नाही." वहिनीने पातेलं आपटलं आणि पुढचे कित्येक दिवस भावामार्फत बोलली. "त्यांना सांगा, पाणी आलंय." उभी शेजारी उभी असायची.

नवा फोकसवाला पोरगेलासा होता. टेप घेऊन यायचा, खटकन मोजायचा, जायचा. एकदाच. उभीची मान जिथल्या तिथे राहायची. चित्र लख्ख यायचं. आता कुणाला काही धरावं लागत नव्हतं.

सिनेमा लागला तो आठवडाभरही टिकला नाही. दुसरं घर नव्हतं म्हणून तो शॉट तसाच ठेवला होता. उभी एकटीच गेली. थिएटरात माणसं कमी आणि खुर्च्या फार. शेवटी घर पेटलं, चौकट आली, धूसर डोळे आले, लख्ख डूल आला. मागच्या रांगेतली एक म्हातारी आपल्या सुनेला म्हणाली, "रडतेय गं बिचारी. बघ, डोळे कसे भरून आलेत." सूनबाईने नाक पुसलं. उभीला वाटलं मागे वळून सांगावं. काय सांगणार? सरळ उभी राहिले?

फोकसवाला आता चष्म्याच्या दुकानात होता, चुलतभावाच्या. नजर कमी झाली म्हणून काढलेला माणूस दिवसभर दुसऱ्यांची नजर मोजायचा. हे तिला भावाकडून कळलं. तिथपर्यंत जायला तिला बरेच महिने लागले. गेली ती खरंच चष्मा लागला म्हणून. सुई ओवता येईना. वहिनीचं म्हणणं अखेर खरं झालं.

त्याने तिला स्टुलावर बसवलं. बाहीची बटणं लावलेलीच. दोन बुबुळांमधलं अंतर घ्यायला त्याच्याकडे छोटी पट्टी होती. ती घेऊन तो समोर आला.

"जरा," तो म्हणाला.

पट्टी नाकाच्या हाडावर आली. बोट गालापाशी आलं. स्पिरिटचा तोच वास. उभीने वाट बघितली. मान हलेना. इतके दिवस सरळ राहून राहून ती तशीच बसली होती, खिळा ठोकल्यासारखी. मग तिने स्वतःच ढकलली, एक बोट, दोन बोटं.

त्याने पट्टी मागे घेतली.

"मुद्दाम नको," तो हळूच म्हणाला.

"येतच नाहीये," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

काचेच्या दाराबाहेर एक गिऱ्हाईक थांबलं होतं. चुलतभाऊ गल्ल्यावरून मान लांब करून बघत होता. फोकसवाल्याने पट्टी पुन्हा वर धरली, आकडा घेतला, कागदावर लिहिला. जसा आला तसा.

"आठवड्याने ये," तो म्हणाला. "चष्मा तयार असेल. पण तेव्हा पुन्हा मोजावं लागेल."

"पुन्हा कशाला? घेतलात ना आकडा?"

तो कागदाकडे बघत राहिला.

"मी दोनदा मोजतो," तो म्हणाला.

उभी स्टुलावरून उठली. दारातल्या गिऱ्हाइकाला वाट द्यायला बाजूला झाली, सवयीने, आणि तिथेच थोडा वेळ उभी राहिली.